सूज आपोआप उतरत नाही!

सूज आपोआप उतरत नाही. शरीर ती उतरवतं! त्यासाठी वेगळी रसायनं बनवतं, वेगळ्या पेशी कामाला लावतं, आणि हे काम केव्हा सुरू करायचं याचा इशारा सूज चढत असतानाच देऊन ठेवतं. हे वाचलं त्या रात्री मी कितीतरी वेळ जागीच होते. मार लागला की सूज येते आणि काही दिवसांनी तिचा जोर संपला की ओसरते, एवढंच मला माहीत होतं. ओसरते कशी, हा प्रश्नच कधी पडला नव्हता. आता भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. कर्जत लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईंना सांगितलं, दूधवाल्या दादांना सांगितलं, आता तुम्हाला सांगते.

निमित्त झालं मावशीच्या खांद्याचं. मावशी खालापूर तालुक्यात, चौकच्या बाजूला राहते. वय साठीच्या आसपास, जमीन थोडीच, पण भात अजून घरचं. झोडणी उरकली आणि तिचा उजवा हात वर जाईना. अंबाडा घालता येईना, फळीवरचा डबा काढता येईना. रात्री त्या कुशीवर वळली की अशी कळ यायची की उठून बसायची. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, आंबेहळदीचा लेप झाला, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. शेवटी पनवेलला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत दिसलं की खांद्याच्या वरच्या अंगाची एक कंडरा अर्धवट फाटली आहे.

"आतनं फाटलंय म्हंजे शिवाया लागंल का, डॉक्टर?" मावशीने विचारलं.

"लगेच नाही, मावशी. ती आपली आपण भरतेय का ते आधी बघू. आणि त्या गोळ्या रोज खाऊ नका. सूज सगळीच दाबून टाकायची नाहीये आपल्याला."

सूज दाबायची नाही? मग डॉक्टरकडे आलोय कशाला? परत येताना गाडीत हेच डोक्यात घोळत होतं. घरी आल्यावर वाचायला बसले आणि एक अख्खं जगच उघडलं.

आधी खांदाच बघा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या खोबणीत टेकतो ती अगदी उथळ, छोटी. मांडीच्या सांध्याला खोल वाटी असते, तशी इथे नाही, म्हणून तर हात चारी दिशांना फिरतो. मग हा गोळा जागेवर ठेवतं कोण? चार लहान स्नायू: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. स्नायूला हाडाशी बांधणारा जो चिवट, पांढरा पट्टा असतो ती कंडरा, म्हणजे टेंडन. या चौघांच्या कंडरा गोळ्याला वेढून बसतात. त्या वेढ्याला म्हणतात रोटेटर कफ. हात उचलायचं दिसणारं काम दंडावरचा मोठा डेल्टॉइड करतो, पण त्याने एकट्याने ओढलं तर गोळा खोबणीत वर सरकून घासू लागेल. कर्जतच्या माणसाला हे चटकन कळेल. बोरघाटाचा १ ला ३७ चा चढ चढायच्या आधी आपल्या स्टेशनात गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. पुढचं इंजिन ओढतं आणि मागची रेटून धरतात, म्हणून डब्यांच्या जोडांवर सगळा ताण येत नाही. रोटेटर कफ म्हणजे खांद्याची बँकर इंजिनं!

या चौघांत सगळ्यात जास्त सोसते ती सुप्रास्पायनेटसची कंडरा. वर खांद्याच्या टोकाचं हाड, खाली दंडाचा गोळा आणि मधल्या चिंचोळ्या जागेतून ही जाते. हाडाला चिकटते तिथे तिला रक्तपुरवठाही बेताचा. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन नावाच्या शल्यविशारदाने १९०९ मध्ये फाटलेली अशी कंडरा टाके घालून जोडली आणि पुढे १९३४ मध्ये नुसत्या खांद्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. ही कंडरा नेमकी कुठे फाटते तेही त्याने दाखवून दिलं. मावशीच्या रिपोर्टमध्ये तीच जागा!

आता आमच्याकडची कामं आठवा. राबासाठी झाडावर चढून डोक्यावरच्या फांद्या कोयत्याने तोडायच्या. पाण्याचा हंडा डोक्यावर आणि एक हात वर धरलेला. भाताचा भारा उचलून खळ्यावर आणायचा. मग झोडणी: पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन आपटायची, पुन्हा वर, पुन्हा खाली, दिवस मावळेपर्यंत. त्यावर उफणणी, सूप खांद्याच्या वर धरून, वाऱ्याच्या भरवशावर. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, तिथे विटांची चळत वाहायची. आणि माथेरान! ते तर आमच्याच कर्जत तालुक्यात. मोटारींना बंदी, म्हणून माणूस बसलेली रिक्षा माणसानेच ओढायची. चढावर ओढायची आणि उतारावर अंगावर येणारी आवरून धरायची. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं, तेव्हा माणुसकीची आणि प्रतिष्ठेची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. मला मात्र आता त्या निकालाबरोबर पिढ्यान् पिढ्या ताणलेल्या कंडराही दिसतात.

जपानमधल्या एका गावात संशोधकांनी रहिवाशांचे खांदे सोनोग्राफीने तपासले. २०१३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६६४ माणसांपैकी १४७ जणांची कंडरा आरपार फाटलेली! आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना काही दुखतच नव्हतं. हे वाचून मी थबकले. फाटलेली असून दुखत नाही? मग दुखतं कशाने?

इथे सूज येते. पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९५५ ते १९६३ या काळात अणुबाँबच्या इतक्या चाचण्या झाल्या की हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण एकदम वाढलं आणि पुढे हळूहळू उतरलं. त्या काळात वाढलेल्या प्रत्येक माणसाच्या शरीरात तो कार्बन अन्नातून गेला. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये याच खुणेवरून टाचेच्या कंडरेचं वय काढलं. तिचा गाभा सतरा-अठरा वर्षांच्या वयात जसा बनतो तसाच पुढे राहतो, बदलत जवळजवळ नाही! रक्त बदलतं, कातडी बदलते, हाडसुद्धा झिजतं आणि नवं होतं. कंडरेचा गाभा मात्र शाळा सुटताना होता तोच साठीत. हे टाचेच्या कंडरेबद्दल सिद्ध झालं आहे, खांद्याबद्दल नाही. तरी मावशीच्या हाताकडे बघताना आता मला वेगळंच वाटतं.

तर सूज. लाली, फुगवटा, ऊब आणि वेदना ही तिची चार लक्षणं पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने लिहून ठेवली. आपल्या सुश्रुताने त्याच्याही पुढे जाऊन तिच्या अवस्था सांगितल्या. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आमपक्वैषणीय नावाचा अध्याय आहे. सूज कच्ची आहे, पिकते आहे की पिकली आहे हे वैद्याला ओळखता आलंच पाहिजे, असा त्याचा आग्रह. कच्ची सूज कापणारा आणि पिकलेली तशीच सोडणारा, दोघेही त्याच्या लेखी सारखेच दोषी. त्याच्या डोळ्यांसमोर गळवं होती, कंडरा नव्हती, हे मान्य. पण सुजेला काळ असतो आणि उपचार त्या काळाप्रमाणे बदलायचा, हा विचार इतका जुना आपल्या घरात होता!

पुढे १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉव्हने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी बघतो तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या! काही बिघडलं की धावून जाणाऱ्या आणि घाण गिळणाऱ्या पेशी असतात, हे तिथून कळत गेलं. त्याला १९०८ मध्ये नोबेल मिळालं. कंडरा फाटली की मावशीच्या खांद्यातही हेच होतं. पहिल्या काही दिवसांत या पेशी येतात आणि तुटके धागे खाऊन जागा साफ करतात. मग त्यांतल्याच काही, मॅक्रोफेज नावाच्या, वागणं बदलतात आणि दुरुस्तीचे निरोप सोडू लागतात. पुढचे काही आठवडे कंडरेच्या पेशी घाईघाईने कोलॅजेनचे धागे टाकतात. ते तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन, बारीक आणि विस्कळीत. त्यानंतर कित्येक महिने ते काढून त्याजागी पहिल्या प्रकारचं, जाड आणि ताणाच्या दिशेने ओळीत लागलेलं कोलॅजेन बसवायचं काम चालतं. सूज आलीच नाही तर यांतलं पहिलं पाऊलच पडत नाही! डॉक्टर गोळ्या रोज नको म्हणाले ते यासाठी.

त्या गोळ्या काय करतात हे जॉन व्हेनने १९७१ मध्ये शोधलं आणि १९८२ च्या नोबेलचा तो एक मानकरी ठरला. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, म्हणून दुखणं आणि सूज कमी होते. डायक्लोफेनॅक त्यातलंच.  आता गंमत बघा. २००१ मध्ये बॉस्टनच्या चार्ल्स सेरहान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सूज चढवणारं तेच प्रोस्टाग्लँडिन थोड्या वेळाने पांढऱ्या पेशींना सांगतं, आता बस, आता उतरवणारी रसायनं बनवा! त्या रसायनांना लिपॉक्सिन म्हणतात. पुढे सेरहान यांच्या प्रयोगशाळेला आणखी सापडली, रिझॉल्विन नावाची, माशांच्या तेलात असणाऱ्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांपासून बनणारी. म्हणजे सुजेच्या सुरुवातीतच तिच्या शेवटाची तजवीज! बांगडा खाल्ला की खांदा बरा होईल असं मात्र यातून निघत नाही, तसं कुणी सिद्ध केलेलं नाही. मावशीला मी हे दोनदा बजावलं, कारण ती लगेच खोपोलीच्या बाजाराला निघाली होती.

उंदरांवरच्या प्रयोगांत अशी औषधं लवकर आणि सतत दिली तर हाडाशी जोडलेली कंडरा कमकुवत भरते, हे २००६ च्या सुमारास दिसलं होतं. माणसांत चित्र अजून तितकं स्वच्छ नाही. कळ असह्य असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यावीच. माझं म्हणणं एवढंच की चार गोळ्यांची पट्टी आणून महिनोन् महिने चघळत बसू नये.

आणि आता सगळ्यात रंगतदार भाग. खांद्याच्या जुन्या दुखण्यात सूज असते की नसते, यावरच शास्त्रज्ञांचं मत दोनदा उलटलं! पूर्वी सरसकट टेंडिनायटिस म्हणायचे, म्हणजे सूज आहे असं गृहीतच. मग सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या दुखऱ्या कंडरा पाहिल्या तर सुजेच्या नेहमीच्या पेशी दिसेनात, दिसले ते कुजत चाललेले धागे. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी लिहिलं की टेंडिनायटिस ही दंतकथा आता सोडून द्या. प्रश्न मिटला असं वाटलं. पण पाहिलेल्या कंडरा बहुतेक शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या, म्हणजे दुखण्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या होत्या. सुरुवातीला काय होतं ते कोण बघणार? नील मिलर आणि सहकाऱ्यांनी युक्ती केली. ज्यांची सुप्रास्पायनेटस फाटली होती त्यांच्याच शेजारच्या, बाहेरून धड दिसणाऱ्या सबस्कॅप्युलॅरिस कंडरेचा तुकडा घेतला. दुखणं तिथे नुकतं पोचत असेल तर? आणि २०१० मध्ये त्यांनी दाखवलं: सूज आहे! मॅक्रोफेज आहेत, मास्ट पेशी आहेत, टी-पेशी आहेत. सूज होतीच, सगळे तिला उशिरा शोधत होते.

ऑक्सफर्डच्या स्टेफनी डेकिन, अँड्र्यू कार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. दुखऱ्या खांद्यांतल्या आणि उपचारानंतर दुखायचं थांबलेल्या खांद्यांतल्या कंडरा त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्या. सूज चालू ठेवणारे निरोप आणि उतरवणारे निरोप वेगवेगळे ओळखता आले. २०१७ मध्ये त्यांनीच सांगितलं की जुनाट दुखण्यात कंडरेच्या स्वतःच्या पेशी जणू सुजेची आठवण धरून बसतात. पुढच्या वेळी लहानसं कारण मिळालं तरी त्या जास्त भडकतात. मला मावशीचे मागचे हंगाम आठवले. दर झोडणीला थोडं दुखायचं, दरवेळी थोडं जास्त, आणि ती म्हणायची, "व्हतं गं एवढं." एवढं होत होतं तेव्हाच आत हे चाललेलं असणार!

म्हणजे सूज वाईट नाही, अर्धवट राहिलेली सूज वाईट. मी वाचलेल्या सगळ्या नव्या उपचारांचा रोख इथेच आहे, की सुरू झालेलं काम शेवटाला न्यावं.

ग्लासगोत मिलर यांच्या गटाला २०१५ मध्ये सापडलं की दुखऱ्या कंडरेत मायक्रोआरएनए-२९ए नावाचा एक इवलासा रेणू कमी पडतो आणि तो कमी पडला की तिसऱ्या प्रकारचं कच्चं कोलॅजेन बनतच राहतं. मग तो रेणू बाहेरून टोचला तर? २०१७ मध्ये घोड्यांच्या पायांतल्या जखमी कंडरांवर करून पाहिलं आणि सुरुवातीची दुरुस्ती सुधारलेली दिसली. घोड्यांवर! माथेरानच्या दस्तुरीवर उभ्या घोड्यांकडे आता मी थांबून बघते. त्यांच्या आणि आपल्या कंडरा सारख्याच कारणांनी दुखावतात. पुढे टेनिस एल्बो झालेल्या माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. टेनिस एल्बो म्हणजे २००४ मध्ये सचिनला झालेला तोच, ज्याने अख्खा महाराष्ट्र कोपराच्या कंडरेबद्दल बोलायला लागला होता. दुसरीकडे सोरायसिस आणि संधिवातासाठी वापरलं जाणारं, इंटरल्युकिन-१७ला अडवणारं सेक्युकिनुमॅब हे औषध रोटेटर कफच्या दुखण्यावरही रुग्णांत तपासलं गेलं. खांद्याच्या दुखण्यासाठी यांतलं काही अजून पनवेलच्या दवाखान्यात मिळत नाही. पण दिशा किती वेगळी आहे बघा! सूज सरसकट दाबण्याऐवजी नेमका अडकलेला निरोप शोधून तेवढाच सोडवायचा.

स्वतःचंच रक्त काढून, फिरवून, प्लेटलेट्सचा दाट भाग खांद्यात टोचायचा, ते पीआरपी शहरांत बरंच चालतं. मला त्याबद्दल अजून उत्साह वाटत नाही. प्रत्येक ठिकाणी ते वेगळ्या पद्धतीने बनतं, चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत आणि खर्च रुग्णाच्या खिशातून. स्टिरॉइडचं इंजेक्शन कळ पटकन थांबवतं, तेही खरं आहे, पण पुन्हा पुन्हा घेतलं तर कंडराच दुबळी होण्याची भीती असते.

आणि टाके घालून शिवणं? अपघाताने एकदम तुटली असेल, तरुण माणूस असेल, हात उचलतच नसेल तर शस्त्रक्रिया लवकर हवी, त्यात दुमत नाही. पण शिवलं म्हणजे भरलं असं नाही. कंडरा आणि हाड यांच्यामध्ये निसर्गाने चार थर रचलेत: कंडरा, मग मऊ कूर्चा, मग चुना भरलेली कूर्चा, मग हाड. मऊ पदार्थ कठीण पदार्थाला एका झटक्यात न भिडता पायरीपायरीने भिडतो. फाटून शिवल्यावर हे थर पुन्हा बनत नाहीत, त्याजागी व्रणाची साधी ऊती येते. अमेरिकेत २००४ मध्ये मोठ्या फाटी दुर्बिणीने शिवलेले १८ रुग्ण नंतर सोनोग्राफीने तपासले, तर १७ जणांची पुन्हा फाटलेली! आणि तरीही पहिल्या वर्षी त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं कमी होतं. म्हणूनच ऑक्सफर्डमध्ये धागे विणून त्यावर कंडरेच्या पेशी वाढवायचे प्रयत्न चालू आहेत. २०२२ मध्ये तर त्यांनी मानवी पेशी चक्क माणसाच्या आकाराच्या यंत्रमानवाच्या खांद्यावर बसवल्या आणि तो खांदा हलवत ठेवला! कारण कंडरा स्थिर बशीत नीट वाढत नाही. तिला ताण लागतो, खऱ्या खांद्यासारखा ओढा लागतो.

ताण लागतो! पूर्ण विश्रांतीने कंडरा भरत नाही आणि झोडणीने ती फाटते. या दोघांच्या मधला, मोजून दिलेला ताण तिच्या पेशींना धागे ओळीत लावायला सांगतो. म्हणजे व्यायाम. तो मी आजवर दुय्यम उपचार समजत होते, डॉक्टरांनी शेवटी कागदावर लिहून द्यायचा. तो तर पेशींशी थेट बोलणं आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. ब्रिटनमध्ये ग्रास्प नावाची एक मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. रोटेटर कफचं दुखणं असलेले ७०८ रुग्ण. काहींना फिजिओथेरपिस्टकडे सहा वेळांपर्यंत बोलावून वाढता व्यायाम दिला. काहींना एकदाच बसवून नीट समजावलं, घरी करायचा व्यायाम शिकवला आणि पुस्तिका दिली. दोन्ही गटांतल्या काहींना वर स्टिरॉइडचं इंजेक्शन. वर्षभराने बघितलं तर सहा वेळा येणारे आणि एकदाच येणारे, फरक नाही! इंजेक्शनचा थोडा फायदा पहिल्या आठ आठवड्यांत, पुढे तोही नाही. त्याआधी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३१३ रुग्ण होते. खांद्याच्या टोकाचं हाड तासून जागा मोठी करणारी नेहमीची शस्त्रक्रिया आणि नुसतीच दुर्बीण घालून काहीही न तासता बाहेर काढणं, दोन्हींचा परिणाम सारखाच निघाला.

याचा अर्थ कशेळ्याच्या, वावोशीच्या, कडावच्या माणसासाठी काय होतो ते कळतंय ना? एसटीने दर आठवड्याला पनवेल गाठायची ऐपत आणि वेळ आमच्याकडे किती जणांना आहे? एक रोजगार बुडतो, तिकीट वेगळं, सोबतीला माणूस वेगळा. आणि शास्त्र सांगतंय की फाट नसलेल्या किंवा लहान असलेल्या बहुतेकांना एकदाच, पण जीव ओतून, त्यांच्या भाषेत समजावलं तरी चालतं! ते एक बसणं मात्र खरं हवं, पाठीमागे रांग लावून दोन मिनिटांत उरकलेलं नको.

मावशीचं तसंच झालं. फिजिओथेरपिस्ट मुलगी तिच्याजवळ बसली, सगळं करून दाखवलं, करून घेतलं. पुढे वाकून दुखरा हात सैल सोडायचा आणि झुलवायचा, हा कॉडमनचाच व्यायाम, शंभर वर्षांनीही चालू. भिंतीवर बोटांनी हात हळूहळू वर चढवायचा. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून, कोपर अंगाला लावून हात बाहेर आणि आत ओढायचा. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर कमी करायचं. झोपताना काखेत छोटी उशी. साखर तपासून घ्या म्हणाली, कारण मधुमेहात कंडरा सावकाश भरते आणि खांदा आखडतोही. मिशरी सोडा म्हणाली. तंबाखूतलं निकोटिन आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी आवळतं. मिशरीवर मावशी गप्प बसली. पण ट्यूब रोज ओढते. अंबाडा आता तिचा तीच घालते, झोपही लागते. फाट अजून आहे, डॉक्टरांनी सांगितलंय की ती राहूही शकते. सचिनच्या खांद्याची शस्त्रक्रिया २००६ च्या मार्चमध्ये झाली आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला त्याने नाबाद १४१ काढल्या. सगळं सर्वोत्तम मिळत असताना त्यालाही सहा महिने लागले, असं मी तिला सांगितलं, तेव्हा कुठे ती घाई करायची थांबली.

माझ्या डोक्यातून मात्र जपानचं ते गाव जात नाही. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात भाताच्या वाणांवर किती पिढ्या काम झालं, कर्जत या नावाची वाणं कोकणभर लावली जातात. ते भात झोडणाऱ्या खांद्यांचीही तशीच मोजदाद व्हायला हवी. आसपास वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, फिजिओथेरपीची मुलं-मुली शिकत आहेत, आशाताई घरोघरी फिरतात, कोण भट्टीवर जातं आणि कोण रिक्षा ओढायचं हे त्यांना तोंडपाठ आहे. अडचण एकच मोठी. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र नोंदवलेल्या जागेबाहेर सहज उचलून नेता येत नाही. कायदा हवाच, तो सैल करा असं मी म्हणणार नाही. मग यंत्र गावात न्यायच्या ऐवजी माणसं यंत्राकडे आणायची: तालुक्याच्या नोंदणीकृत केंद्रावर ठरलेले दिवस, गावागावांतून गाडी, आणि त्याच फेरीत ते एक खरं बसणं, व्यायाम शिकवून मगच घरी सोडणं. झोडणी उरकते तो डिसेंबर यासाठी उत्तम, दुखणं ताजं असतं आणि हातात वेळ असतो. परवानग्यांची पत्रं मात्र पावसाळ्यातच द्यायला हवीत. कुठला हात, कुठलं काम, किती हंगाम, तंबाखू, साखर, रात्रीची कळ हे सगळं विचारायचं. आणि प्रत्येकाचे दोन्ही खांदे बघायचे, न दुखणारासुद्धा.